विहीणबाईंनी देव झाकला

१७ मे, शनिवार

पद्मे, हे तू वाचशील आणि उद्या विसरशील, हे मी आत्ताच सांगून ठेवते. जी बाई कपाळावर चष्मा सरकवून त्याच चष्म्यासाठी घर पालथं घालते, जी वडूजच्या बाजारात नवऱ्याला भाजीच्या पिशव्यांसकट विसरून एकटीच एसटीत बसून घरी आली, तिला फोनवर काही सांगणं म्हणजे चाळणीत ताक ओतणं. म्हणून या वेळी तुझी आई लिहून ठेवणार आहे.

हसू नकोस. अक्षर म्हणजे मला अजून मुंग्यांची रांगच. पण तुझ्या भावाने फोनमध्ये काहीतरी करून दिलंय. आपण बोलायचं, फोन लिहून घेतो. नकुल म्हणाला, "आई, ही तुझी डायरी. दुपारी बाळ झोपलं की आम्ही पण आडवे होतो आणि तू भिंतीशी बोलत बसतेस. त्यापेक्षा हिच्याशी बोल." मी विचारलं, "आणि तू वाचलंस तर?" म्हणाला, "प्रॉमिस. नाही वाचणार." गुळाच्या ढेपेला हात लावणार नाही, हेही असंच वचन होतं. असो. सगळं बोलून झालं की एकदमच तुला धाडायला सांगेन.

तुझी भाची गुटगुटीत आहे. रुही नाव ठेवलंय. आपल्याकडे रुई मारुतीला वाहतात, इथे ती रात्रंदिवस आपल्यालाच प्रदक्षिणा घालायला लावते. सूनबाई बरी आहे. नात्सुमी एवढं लांब नाव कोण घेणार, मी सुमी म्हणते, ती ओ देते. हिचं लग्न मी कोरोनात फोनच्या काचेत बघितलं होतं. अक्षता टाकल्या त्या काचेवरच, आणि नंतर केरसुणीने मीच गोळा केल्या. त्यामुळे सून जवळून बघायला मिळाली ती आत्ता, एका लेकराची आई झाल्यावर.

विहीणबाई जपानहून माझ्या आधीच येऊन बसल्यात. नाव काझुए. उंचीला माझ्या खांद्याला, चालल्या तर पाऊल वाजत नाही. मी भांडं घासायला उठले की ते घासून पालथं घातलेलं असतं. आता विहीण म्हणजे कशी, थोडी कुरबुर करावी, थोडं घालूनपाडून बोलावं, म्हणजे नातं मुरतं. इथे मी टोमणा मारला की या कमरेत वाकून नमस्कार करतात. माझे सगळे टोमणे असे फुकट चाललेत.

तर बातमी अशी की पुढच्या शनिवारी रुहीला देवाला न्यायचंय. आपण नाही का सव्वा महिन्याचं लेकरू देवाच्या पायावर घालत, तसंच यांच्यातही आहे. या परक्या मुलखातही, इथून गाडीने तासाभरावर जंगलात, नदीच्या काठाला त्यांचं जपानी देऊळ आहे. आणि बाळाला आत न्यायचं ते आईने नाही, बापाने नाही. बापाच्या आईने. म्हणजे मी!

मी नकुलला बाजूला घेतलं. "तुझ्या सासूला नीट सांगितलंस का? माझ्या कपाळावर कुंकू नाही."

"आई, त्यांच्यात तसं काही नसतं. बाबांची आई म्हणजे बाबांची आई. दॅट्स इट."

पद्मे, तुझ्या आर्यच्या बारशाला मी पाळण्यापासून लांब, ज्वारीच्या पोत्यांपाशी उभी होते. तुला आठवत नसेल. नसू दे. रीतच तशी, त्यात तुझा दोष नाही. पण मी आज दोनदा चहा घेतला.

१९ मे, सोमवार

आज रंगीत तालीम झाली. विहीणबाईंनी पेटीतून एक रेशमी वस्त्र काढलं. डाळिंबी रंग, त्यावर फुलं आणि दोऱ्याचे चेंडू. सुमीला तिच्या आजीने याच वस्त्रातून देवाला नेलं होतं म्हणे. बाळ आपण हातात धरायचं, वस्त्र वरून पांघरायचं आणि त्याचे बंद आपल्या मानेमागे बांधायचे. म्हणजे समोरून बघणाऱ्याला बाळ दिसतच नाही, नुसती म्हातारी रेशमात दिसते. रीत मला आवडली.

बाळाऐवजी माझ्या हातात तांदळाची पिशवी दिली. मी म्हटलं, "तांदूळ रडत नाही, ही कसली तालीम?" सुमीने ते तिच्या आईला सांगितलं. विहीणबाई गंभीर चेहऱ्याने पिशवीला तोंड लावून लहान बाळासारखं रडल्या. हुबेहूब. मी पिशवी टाकूनच देणार होते! मग आम्ही तिघी एवढ्या हसलो की खरं बाळ उठलं.

म्हणजे बाईला टोमणे कळतात. इतके दिवस सोंग घेतलं होतं.

त्यांचा देव स्वयंपाकघराबाहेर भिंतीवर उंच फळीवर आहे. छोटंसं लाकडी देऊळ, आत मूर्ती नाही. सकाळी तांदूळ, मीठ, पाणी ठेवतात, दोनदा वाकतात, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकतात. त्यांचं झालं की खालच्या कपाटावर माझे टाक आणि माझा दिवा. उदबत्ती मात्र बंद. पहिल्याच दिवशी लावली तर छतावरचं यंत्र असं कोकललं की शेजारची पोरगी अनवाणी धावत आली. आमचे दोन देव वर-खाली राहतात, भाडेकरूंसारखे. अजून भांडण नाही.

२० मे, मंगळवार

आज सकाळी तुझा फोन आला. पद्मे, एरवी तू इथली वेळ विसरतेस आणि भलत्या वेळी उठवतेस. आजच कशी ग बरोबर वेळेला आठवण झाली?

शिदू भावजी गेले. काल पहाटे. झोपेत.

तू सांगितलंस आणि मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तुझ्या बापाचा चुलतभाऊ, पण सगळा जन्म आपला बांध कोरण्यात घातला. दर नांगरटीला वीतभर आत. जिवंतपणी बांध कोरला आणि जाता जाता माझा मुहूर्त कोरला. आणखी चार-सहा दिवस धीर धरवला नाही का त्या माणसाला? लेकरू देवाला घालून आले असते, मग खुशाल जायचं होतं.

तुझं लग्न होऊन तू परक्या कुळात गेलीस, तुला याचं काही नाही. पण मला दहा दिवस सुतक. सुतकात देऊळ नाही, देवाचा दिवा नाही, शुभकार्याला हात नाही. नकुललाही लागतं, रुहीलाही लागतं. पण मी आज चुलीपुढे, म्हणजे त्या काचेच्या शेगडीपुढे, उभी राहून विचार केला. सुतक शिरतं कुठून? कानातून. बातमी कानावर आली की लागलं. नकुलच्या कानावर आलेलं नाही. तो आंघोळीला गेला होता. बाहेर येऊन विचारलं, "कुणाचा कॉल होता?" मी म्हटलं, "पद्मीचा. चष्मा सापडत नाही म्हणत होती." त्याने लगेच विश्वास ठेवला. बघ, तुझा विसरभोळेपणा कधीतरी कामाला आला.

तर ते माझ्या एकटीच्या कानात आहे, तिथेच राहील. लेकराचा कार्यक्रम मोडणार नाही. विहीणबाईंचं परतीचं विमान सोमवारी आहे, त्यांना त्यांच्या नातीचा सोहळा बघायला मिळेल. फक्त बाळ मी उचलायचं नाही. सुतकाच्या हातांनी लेकरू देवापुढे न्यायचं, एवढी काही मी हावरट नाही. त्याच उचलतील. आईची आई. काय वाईट आहे?

आज जेवण गेलं नाही. इथलं पाणी मला बाधतंय.

२१ मे, बुधवार

बाळ उचलायचं टाळायला कारण हवं. मी गुडघा पुढे केला. सकाळी उठतानाच "आई गं" म्हणाले, बऱ्यापैकी जमलं.

आणि मग या घराने जे केलं ते ऐक. विहीणबाईंनी कुठूनशी एक चिकटपट्टी आणून माझ्या गुडघ्यावर डकवली. आधी बर्फासारखी गार, मग निखाऱ्यासारखी. दर थोड्या वेळाने येऊन लुगडं सरकवून बघतात, पट्टी निघाली नाही ना. नकुल म्हणाला, "नी-ब्रेस ऑर्डर केलाय, उद्या येतो." सुमीने त्या देवळात फोन करून विचारलं की पायऱ्या किती आहेत, बसायला खुर्ची मिळेल का. खुर्ची मिळणार आहे. नकुल म्हणतो, "गाडी अगदी आतपर्यंत नेता येईल, आई. तू फक्त बाळ धर, आम्ही तुला धरतो."

मी म्हटलं, "अरे, विहीणबाईंनाच धरू द्या की. त्यांची पण नातच आहे."

त्याने ते तिकडे सांगितलं. विहीणबाईंनी दोन्ही हातांनी नाही-नाही केलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मग दुसऱ्या गुडघ्यालाही पट्टी लावली, त्याला वाईट वाटू नये म्हणून असेल.

एवढी माणसं एका खोट्या गुडघ्यामागे धावतायत. कुणी एक शब्द कडू बोललं असतं तर मला खोटं बोलायला बळ आलं असतं.

शिदू भावजींचं डोक्यातून जात नाही. नकुलला विंचू चावला होता, तू तेव्हा नऊ-दहा वर्षांची असशील. तुझा बाप साखर कारखान्यावर, रात्रपाळीला. एसटी निघून गेलेली. हा माणूस नकुलला पाठुंगळी घेऊन वडूजपर्यंत पळत गेला, अनवाणी. डॉक्टरने पोराला सुई टोचली तर हाच ओरडला म्हणे. आणि त्याच आठवड्यात पुन्हा बांध कोरला! मी बांधावर उभी राहून शिव्या दिल्या. त्याने बैल थांबवून विचारलं, "पोरगं जेवलं का?"

असला माणूस. त्याच्यासाठी कुणी रडत नसतं.

२२ मे, गुरुवार

गुडघा उघडा पडला.

दुपारी नकुल वरच्या खोलीत त्याच्या मीटिंगमध्ये, सुमी आणि बाळ झोपलेले. मी खिडकीशी बसले होते. विहीणबाई आल्या, माझ्यासमोर जमिनीवर गुडघे मुडपून बसल्या आणि त्यांचा फोन आमच्या मध्ये ठेवला. त्या जपानीत बोलल्या की त्यातली बाई मराठीत सांगते. मराठी कसलं, शाळेच्या मास्तरणीसारखं.

फोनमधली बाई म्हणाली, "आपण मंगळवारपासून देवासमोर दिवा लावत नाही. आपल्या घरी कोणाचे निधन झाले आहे का?"

पद्मे, पोटच्या पोराला जे दिसलं नाही ते हिला दिसलं. तीन सकाळी मी नुसती टाकांकडे बघून बाजूला होत होते. दिवा नाही, फूल नाही. या बाईने गुडघ्यावर पट्ट्या लावता लावता सगळं बघून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "माझा दीर." एवढंच म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं ते बंदच होईना. बांध सांगितला, विंचू सांगितला, त्याच्या बायकोचं, हौसाचं सांगितलं. ती माझी चुलत जाऊ, एका जात्यावर दळलं आम्ही, आणि बांधाच्या भांडणापासून एकमेकींच्या उंबऱ्याला पाय लावला नाही, तेही सांगितलं. फोनमधली बाई मागे पडली असेल बिचारी. विहीणबाई फोनकडे बघतच नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. डोळ्याला पाणी आलं ते त्या पट्टीच्या वासाने, फार उग्र आहे तो.

माझं संपल्यावर त्या कपाळ जमिनीला टेकवून वाकल्या. मग उठल्या. स्टूल घेतलं, फळीवरचे तांदूळ आणि मीठ उतरवलं. देवळाचं इवलंसं दार लावलं. एक पांढराशुभ्र कागद आणला आणि देवावर समोरून चिकटवून टाकला. देव झाकला!

स्टूल जागेवर ठेवलं. आत निघून गेल्या.

बरोबरच आहे त्यांचं. तीन दिवस मी सुतक घेऊन त्यांच्या देवाखालून ये-जा करत होते. शेवटी देवालाच माझ्यापासून लपवायची वेळ आली. मी माझे टाक कापडात गुंडाळून बॅगेत ठेवलेत. शनिवारी सगळे गेले की मी घरी बसेन, खुर्ची देवळाला परत.

आपल्या पायगुणाने दुसऱ्याच्या घरचा देव झाकला जावा, असं काही आयुष्यात झालं नव्हतं.

२३ मे, शुक्रवार

काल डायरी बोलून संपते न संपते तोच नकुल माझ्या खोलीत आला. सासूने सांगितलं असणार. मला वाटलं, सुतक लपवलं म्हणून बोलेल. तो म्हणाला, "शिदूकाका गेले आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुझा कार्यक्रम..."

"आई, कार्यक्रम गेला खड्ड्यात! त्यांनी मला पाठीवर नेलं होतं."

असा आवाज त्याने माझ्यावर कधी चढवला नव्हता. चपला घालून बाहेर गेला आणि अंधार पडेपर्यंत आला नाही. आला तो डोळे लाल करून. इथे या दिवसांत झाडांचा पराग उडतो, त्याची त्याला अ‍ॅलर्जी आहे.

आज सकाळी सुमी बाळाला घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसली. तिचं मराठी म्हणजे नुकतं चालायला लागलेलं पोर, पण आज ते पडत-धडपडत सगळीकडे फिरलं. अडलं तिथे नकुलने दारात उभं राहून हात दिला.

मी आधीच म्हटलं, "तुझ्या आईला सांग, मी देवापासून लांब राहीन. कागद काढा म्हणावं."

सुमीला कळेना. दोनदा विचारलं. मग कळलं तशी तिने तोंडावर हातच धरला. "नो, नो, आई! पेपर तुमच्यासाठी नाही. मतलब, तुमच्या अगेन्स्ट नाही."

मग तिने सांगितलं. त्यांच्यात घरातलं माणूस गेलं की घरचा देव असा पांढऱ्या कागदाने झाकतात. दिवस पुरे झाले की कागद काढतात. तिचे वडील गेले तेव्हा त्यांच्या घरी असाच लावला होता.

मी म्हटलं, "अगं, पण गेला तो माझा दीर. तोही चुलत. तुझ्या आईचा कोण?"

"सेम मीच विचारलं," सुमी म्हणाली. "ओका-सान, माझी आई, म्हणाली, इथे रडणारी आई आहे ना? मग हे रडणाऱ्यांचं घर आहे."

पद्मे, मी बाळाच्या टोपड्याचे बंद सोडले आणि परत बांधले.

पुढचं नकुलने सांगितलं. काल संध्याकाळीच सुमीने देवळात फोन केला होता. तिथल्या भटजींनी सांगितलं की एवढ्या लांबच्या नात्याला आमची हरकत नाही, वाटलं तर आधी आजीवरून शुद्धीचा विधी करू, शनिवारी खुशाल या. म्हणजे कार्यक्रम होणारच होता! त्यांच्या नियमात कुठे अडतच नव्हतं. विहीणबाईच नको म्हणाल्या. म्हणाल्या, आपला देव हो म्हणेल, पण तिचे हात मोकळे नाहीत. तिचे दिवस तिच्या हिशेबाने संपू देत. लेकरू काही नासत नाही.

आणि सोमवारचं विमान त्यांनी पुढे ढकललं.

मी नकुलला म्हटलं, "मी घरी राहिले असते की. त्यांनीच धरायचं होतं बाळ."

"आई, तुला अजून कळलं नाही का? त्यांना बाळ कुणीतरी धरायला नकोय. तू हवीयस."

गुडघ्याच्या पट्ट्या मी आता काढल्या. कातडीसकट निघाल्या. खोटं बोलल्याची शिक्षा.

२४ मे, शनिवार

आज जायचं होतं, गेलो नाही. कुणी हळहळलं नाही. विहीणबाईंनी पांढरा भात आणि मुळ्याचं मऊ काहीतरी केलं. एक लहान वाटी भात आणि पाणी खिडकीत वेगळं ठेवलं. कुणासाठी ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. खिडकीच्या बाहेर चिमणीएवढा एक करडा पक्षी आला होता.

मी आज पोटभर जेवले. पाणी सोसायला लागलेलं दिसतंय.

नकुलने गुरुवारी चार्जिंगला लावलेलं दाढीचं यंत्र तसंच पडलंय. म्हणतो, घरूनच काम आहे, कोण बघतंय. आळशी मेला.

२९ मे, गुरुवार

काल दहावा झाला. आज सकाळी डोक्यावरून आंघोळ केली. खाली आले तर विहीणबाई स्टुलापाशी उभ्या होत्या, माझी वाट बघत. कागद त्यांनी काढला नव्हता. मला हाताने खुणावलं, वर चढा म्हणून.

मी कागद काढला. आतलं लाकूड ताजं, वासाचं. मग त्यांनी त्यांचे तांदूळ ठेवले, मी खाली माझे टाक मांडले, दिवा लावला. त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या, मी हात जोडले.

नकुल दाढी करून खाली आला. नेमका आजच.

१ जून, रविवार

आता ऐक, आणि हे तरी विसरू नकोस.

जंगल म्हणजे सुईसारख्या पानांची झाडं, आभाळाला टेकलेली. नदीचा आवाज आधी येतो, नदी मागून दिसते. देवळाच्या वाटेवर लाकडाची मोठी चौकट उभी आहे, दोन खांब, वर दोन आडव्या तुळया. दार नाही, भिंत नाही. विहीणबाई तिच्यापुढे वाकल्या, मीही वाकले. पुढे दगडाच्या कुंडीत वाहतं पाणी, लाकडी पळीने आधी डावा हात, मग उजवा, मग चूळ. तुला सांगते, चूळ भरून कुंडीत थुंकायची नसते, बाजूला. नकुलने थुंकायला तोंड केलं होतं, मी कोपराने ढोसलं. जपानी देवापुढे आपल्या वाडीची लाज मी राखली.

भटजी म्हणजे बाई निघाली! पन्नाशीची, पांढरा झगा, डोक्याला काळी टोपी. मी सुमीला म्हटलं, "बाईमाणूस?" सुमी म्हणाली, "येस." मी भटजीबाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. नऊवारी आणि झगा. दोघींनी मान हलवली.

मग रुहीला माझ्या हातात दिलं. विहीणबाईंनी ते डाळिंबी वस्त्र वरून घातलं आणि माझ्या मागे उभ्या राहून बंद बांधले. माझे हात मोकळे होते.

पुढे मी चालले. माझ्या मागे सगळे. पद्मे, सत्तरीला टेकले, पण कार्यात सगळ्यांच्या पुढे चालायची ही पहिली वेळ. लग्नात असेल, पण तेव्हा डोक्यावरून पदर इतका होता की काही दिसलंच नाही. आज सगळं दिसलं.

खुर्ची ठेवली होती. बसले नाही.

ढोल वाजला तशी रुहीने डोळे उघडले, रडली नाही. भटजीबाईंनी काठीला लावलेल्या कागदाच्या झिरमिळ्या आमच्या डोक्यावरून फिरवल्या, मोरचेल फिरवतात तशा. सळसळ, सळसळ. मग लांब सूर लावून देवाला काहीतरी सांगितलं. त्यात मध्येच रुहीचं नाव, नकुलचं नाव, आपलं आडनाव आलं. आपलं आडनाव, अगं, जे लावून दोन घरांनी बांधापायी तीस वर्षं कोर्टात चपला झिजवल्या, ते त्या नदीकाठी कुणी एक बाई देवाला गाऊन दाखवत होती. त्या आडनावात शिदू भावजीही आलेच. मी कुणाला सांगितलं नाही.

शेवटी प्रत्येकाला एक हिरवी डहाळी दिली, तिला कागद बांधलेला. ती फिरवून देठ देवाकडे करून ठेवायची. बाकीच्यांना शिकवावं लागलं. मला नाही. आपण विड्याचं पान ठेवताना देठ कुठे करतो? भटजीबाई खूश झाल्या. बाळ विहीणबाईंनी तेवढ्यापुरतं धरलं. मग मी दोनदा वाकले, दोन टाळ्या वाजवल्या, पुन्हा वाकले. काही मागितलं नाही. मागायचं राहिलंच काय होतं? बरं झालं म्हटलं. एवढंच. सगळंच बरं झालं.

परत येताना गाडीत विहीणबाई माझ्या शेजारी बसल्या. उद्या त्या निघतात. मी फोन मध्ये धरला आणि म्हटलं, "आता भांडायला मला विहीण कुठून मिळणार?" फोनमधल्या बाईने ते सांगितलं. त्यांनी पिशवीतून चिकटपट्ट्यांचं अख्खं पुडकं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. चेहरा अगदी गंभीर. नकुल एवढा हसला की सुमीने त्याला गाडी बाजूला घ्यायला लावली.

पद्मे, आता काम. नकुल आज रात्री हे सगळं तुला धाडेल. ज्या बाईला वाडी कुठे आहे ठाऊक नाही, तिने माझ्या माणसासाठी आपला देव झाकला, आणि आपण बांधाच्या पलीकडे डबा नेला नाही. उद्याच्या उद्या हौसाकडे जा. आता तेरावा झाला, पाहुणे पांगले असतील, घरात ती आणि चूल एवढंच उरलं असेल. पुरणबिरण नेऊ नकोस, तिला ते गिळणार नाही. ज्वारीच्या कण्या कर. आदल्या रात्री भिजव, मंद आचेवर मऊ शिजव, गार झाल्या की घट्ट ताक घाल, ताक आंबट नको. मीठ बेताचं. तिच्यासमोर बस आणि पहिला घास तू घे, म्हणजे ती घेईल. माझं नाव सांग. डबा परत आणू नकोस. आणि लसणाची चटणी वेगळ्या पुडीत बांधून ने. हौसाला दात नाहीत, पण चटणी नसली तर ती कण्यांकडे बघतसुद्धा नाही.